डायलिसिस टेक्निशियन: पगार किती, नोकरी टिकेल का, कोर्स कोणता?

तासगाव तालुक्यातल्या एका मुलीने विचारलं आहे: बारावी सायन्सला 64 टक्के मिळाले, नीटमध्ये जमलं नाही. जवळच्या एका संस्थेत डायलिसिस टेक्निशियनचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, फी 85 हजार. ‘शंभर टक्के नोकरी, सुरुवातीलाच 30 हजार पगार’ असं ते सांगतात. घरचे म्हणतात, त्यापेक्षा नर्सिंग कर. या कामात खरंच किती पगार मिळतो, आणि दहा वर्षांनी ही नोकरी राहील का?

मी 2005 पासून याच कामात आहे, सांगली-मिरज भागात. गेली काही वर्षं एका युनिटची इन्चार्ज असल्यामुळे नवीन मुलामुलींना घेण्याचं आणि त्यांचा पगार ठरवताना व्यवस्थापनाशी भांडण्याचं कामही माझ्याकडेच आहे. त्यामुळे जे सांगते ते डोळ्यांनी बघितलेलं आहे. पगाराचे आकडे माझ्या पाहण्यातले आहेत. मुंबईत ते थोडे वर जातील, आतल्या तालुक्यात खाली.

आधी त्या 30 हजारांचं. एक वर्षाचा कोर्स करून आलेल्या मुलीला आमच्या भागात पहिला पगार 10 ते 14 हजार मिळतो. पदवी असेल, इंटर्नशिप चांगल्या ठिकाणी झाली असेल आणि पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात लागलीस तर 18 ते 24 हजार. त्यातून तिथलं भाडं आणि मेस वजा केली की हातात उरणारी रक्कम गावाकडच्या पगाराच्या फार पुढे जात नाही. सुरुवातीलाच 30 हजार मिळालेली मुलगी मी अजून पाहिलेली नाही. त्या संस्थेला एकच सांग: मागच्या दोन बॅचमधल्या पाच जणांचे फोन नंबर द्या. देत असतील तर पाचही जणांना फोन करून नोकरी कुठे आहे आणि पगार खात्यात किती जमा होतो ते विचार. देत नसतील तर तुझं उत्तर तुला मिळालं.

पगार इतका कमी का, हे समजून घेतलंस तर पुढे तो कसा वाढवायचा तेही कळेल. सरकारी योजनेतल्या डायलिसिसचा दर सेशनमागे ठरलेला असतो. त्या ठरलेल्या पैशांतून डायलायझर (रक्त गाळणारी नळी), ट्यूबिंग, दोन सुया, हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध), सलाईन, अ‍ॅसिड आणि बायकार्बोनेटचं द्रावण, वीज, पाणी, मशीनची देखभाल, डॉक्टरांची फी असं सगळं भागवायचं असतं. यातली कुठलीच गोष्ट निम्म्या किमतीत मिळत नाही. मग मालकाचा हात जातो तो पगारावर. जिल्हा रुग्णालयातली बरीच युनिटं खासगी कंपन्या टेंडर भरून चालवतात, आणि कमी दर भरणाऱ्याला काम मिळालं की ती कसर टेक्निशियनच्या पगारातून निघते. एक टेक्निशियन तीन मशीन सांभाळते, दिवसाला दोन बॅच, महिन्याला 26 दिवस. म्हणजे महिन्याला 156 सेशन एकट्या मुलीच्या हातून होतात. हा हिशोब मी दरवर्षी पगारवाढीच्या वेळी कागदावर मांडून साहेबांपुढे ठेवते. 156 ने पगाराला भाग दिला की सेशनमागे तिच्या वाट्याला किती येतात ते त्यांनाही दिसतं. दर वेळी यश येतं असं नाही, पण हिशोब माहीत असलेल्या माणसाशी जरा वेगळ्या सुरात बोललं जातं.

आता नोकरी राहील का? राहील, हे मी ठामपणे सांगते. त्याचं कारण दुःखाचं आहे. किडनी निकामी होण्यामागे मधुमेह आणि रक्तदाब ही दोन मोठी कारणं आहेत, आणि दोन्ही आपल्या गावोगावी वाढताहेत. एकदा डायलिसिस सुरू झालं की ट्रान्सप्लांट होईपर्यंत किंवा शेवटपर्यंत आठवड्यातून दोन-तीन वेळा यावंच लागतं. सोमवार-बुधवार-शुक्रवारचा रुग्णांचा एक गट, मंगळवार-गुरुवार-शनिवारचा दुसरा. दिवाळी असो, गणपती असो, युनिट बंद राहत नाही.

मी लागले तेव्हा आमच्याकडे दोनच मशीन होती आणि तीही कधी कधी रिकामी असायची. रुग्ण नव्हते म्हणून नव्हे, पैसे नव्हते म्हणून. म्हैस विकून चार महिने डायलिसिस केलेले आणि पाचव्या महिन्यापासून न आलेले लोक मला नावानिशी आठवतात. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, तिचंच पुढे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना हे नाव झालं. 2016 च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांत युनिटं उभी राहू लागली. पैशांअभावी घरी बसणारा रुग्ण युनिटपर्यंत पोचला. आज माझ्याकडे 14 मशीन आहेत आणि वेटिंग लिस्ट आहे. मशीन विकत घेता येतं, पण ते चालवणारी विश्वासू माणसं पटकन मिळत नाहीत. काम येणारी मुलगी घरी बसून राहिली असं माझ्या पाहण्यात नाही.

पण ‘काम येणारी’ म्हणजे काय, ते जवळून सांगते, कारण पगाराचा फरक तिथेच पडतो.

रुग्णाच्या हातावर फिस्टुला असतो. म्हणजे ऑपरेशन करून धमनी आणि शीर एकमेकींना जोडलेली असते. त्यावर बोटं ठेवली की आत मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते, तिला आम्ही थ्रिल म्हणतो. सुई टोचण्याआधी रोज, प्रत्येक रुग्णाचं हे थ्रिल बघायचं. ते नसेल तर फिस्टुला बंद पडलाय, सुई टोचायची नाही, आधी डॉक्टरांना फोन. नवा फिस्टुला पिकायला सहा-आठ आठवडे जातात. त्यावर पहिल्यांदा बारीक सुई लावायची असते आणि हात स्थिर लागतो. सुई शिरेच्या आरपार गेली तर अर्ध्या मिनिटात हात फुगतो, आणि ज्या फिस्टुलाच्या भरवशावर त्या माणसाचं आयुष्य उभं आहे तो धोक्यात येतो. म्हणून जिचा हात चांगला आहे तिला रुग्णच मागून घेतात. दारातूनच विचारतात, “आज सुनीता मॅडम हाईत न्हवं?” (नाव बदललंय.) ती सुनीता सुट्टीवर गेली की दोन रुग्ण आपली पाळी पुढे ढकलतात. पगारवाढीच्या वेळी तिच्या बाजूने मला फार बोलावं लागत नाही.

दुसरी गोष्ट, नजर. मशीन दर अर्ध्या तासाने बीपी घेतं. पण बीपी पडण्याआधी रुग्ण बऱ्याचदा जांभई देतो. एक, मग दुसरी. कपाळावर बारीक घाम येतो, माणूस बोलता बोलता गप्प होतो. मशीनच्या पडद्यावर तेव्हा सगळं ठीक दिसत असतं. त्या जांभईला जी उठते, पाय वर करते, रक्तातलं जास्तीचं पाणी ओढण्याचा वेग कमी करते, गरज पडली तर सलाईन सोडते आणि सिस्टरला हाक मारते, ती टेक्निशियन. मोबाईलवरून मान वर न करणारी मुलगी माझ्या युनिटमध्ये महिनाभरही टिकत नाही.

आणि तिसरं, पाणी. हे कोर्समध्ये दोन पानांत उरकतात, आणि मला विचारशील तर अर्धं काम तेच आहे. एका रुग्णाच्या चार तासांच्या डायलिसिसमध्ये मिनिटाला 500 मिलिलिटर द्रावण डायलायझरमधून फिरतं. म्हणजे सुमारे 120 लिटर. पातळ पडद्याच्या एका बाजूला रुग्णाचं रक्त आणि दुसऱ्या बाजूला हे पाणी. पोटात गेलेल्या पाण्याची गाळणी आतडं करतं, इथे मध्ये दुसरं कोणी नाही. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्याकडे टँकरचं पाणी सुरू होतं. सकाळी सहाला मी नेहमीप्रमाणे कार्बन फिल्टरनंतरच्या नळाचं पाणी घेऊन क्लोरीनची पट्टी बुडवली. रोज पांढरी राहणारी पट्टी गुलाबी झाली. दुसरी बुडवली, तीही गुलाबी. टँकरवाल्याने पावडर जास्त टाकली होती आणि आमच्या फिल्टरमधला कार्बन संपत आला होता. एक लिटरमध्ये 0.1 मिलिग्रॅमच्या वर क्लोरीन चालत नाही, कारण ते रक्तात उतरलं तर तांबड्या पेशी फुटतात. बाहेर पहिल्या बॅचचे रुग्ण बसलेले, काही जण पहाटे चारला घरून निघालेले. मी मशीन सुरू केली नाहीत. तेव्हाच्या मॅनेजरने फोनवर “एवढ्यातेवढ्याने काय होतंय, चालू करा” असं सांगितलं. मी डॉक्टरांना उठवलं, त्यांनी माझी बाजू घेतली. कार्बन बदलून, पुन्हा तपासून पहिली बॅच साडेअकराला लागली. दिवस रात्री दोनपर्यंत चालला, पण एकाही रुग्णाला काही झालं नाही. त्या पट्टीची किंमत काही रुपये असते. ती रोज बुडवायची, वहीत सही करायची आणि गुलाबी झाली तर कोणाच्याही दबावाखाली मशीन सुरू करायची नाही, हे ज्याला येतं त्याला इन्चार्ज करतात.

म्हणून मी इंटरव्ह्यूत सर्टिफिकेट नंतर बघते. आधी विचारते, “व्हीनस प्रेशर अचानक वाढलं, काय करशील?” (म्हणजे रक्त शरीरात परत नेणाऱ्या नळीतला दाब.) बहुतेक जण मशीनच्या बटणांपासून सुरुवात करतात. जी म्हणते, “आधी रुग्णाचा हात बघेन, सुई सरकली का, सूज आली का, मग लाइन कुठे वाकली का, चेंबरमध्ये गुठळी झाली का,” तिला मी दोन हजार जास्त देऊन घेते.

पुढच्या पगाराची वाट साधारण अशी जाते. दोन-तीन वर्षं नीट काम केलंस तर आमच्या भागात 18 ते 22 हजार. पाच-सहा वर्षांनी 25 ते 32. इन्चार्जला युनिटच्या आकाराप्रमाणे 35 ते 45, मोठ्या शहरात त्याच्याही वर. आयसीयूतलं सीआरआरटी, म्हणजे अत्यवस्थ रुग्णाचं सलग चोवीस तास चालणारं डायलिसिस, हे शिकलीस तर शहरातली हॉस्पिटलं शोधत येतात, आणि रात्रीच्या कॉलचे वेगळे पैसे मिळतात. ज्यांना मशीनची आवड लागते ते मशीन कंपन्यांकडे जातात. नवीन युनिटमध्ये मशीन बसलं की तिथल्या लोकांना शिकवायचं, तक्रार आली की धावायचं. पगार बराच बरा, पण महिन्यातले वीस दिवस एसटीत आणि लॉजवर. माझ्या हाताखाली शिकलेले दोन मुलगे तिकडे गेले आणि खूश आहेत. लहान मूल घरी असलेल्या एका मुलीने वर्षात परत यायचं ठरवलं, तिलाही मी आनंदाने घेतलं.

सरकारी नोकरी हवी असेल तर जागा आहेत, पण थोड्या. रेल्वेच्या पॅरामेडिकल भरतीत डायलिसिस टेक्निशियनचं पद असतं. सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल 6 मध्ये सुरुवातीचं मूळ वेतनच 35,400 रुपये, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडं वेगळं. पण तिथे बी.एस्सी. पदवी मागतात, आणि सोबत हिमोडायलिसिसचा डिप्लोमा किंवा दोन वर्षांचं प्रशिक्षण वा अनुभव. राज्याच्या आरोग्य विभागातही डायलिसिस तंत्रज्ञाची पदं आहेत. जाहिरात दरवर्षी येईलच असं नाही, म्हणून त्याची वाट बघत घरी बसू नकोस. काम करत करत अभ्यास कर, अनुभवाचा दाखला दरवर्षी हॉस्पिटलच्या लेटरहेडवर घेत जा. नोकरी सोडल्यावर तो मिळवायला फार हेलपाटे पडतात.

म्हणूनच तो एक वर्षाचा कोर्स तू करू नयेस, असं माझं स्पष्ट मत आहे. 2021 मध्ये केंद्राने या सगळ्या आरोग्य तंत्रज्ञांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात तंत्रज्ञासाठी किमान 2,000 तासांचा, दोन ते चार वर्षांचा डिप्लोमा किंवा पदवी अशी अट आहे, आणि नोंदणीही त्याच वाटेने होणार आहे. जुन्या लोकांचं एक वेळ अनुभवावर निभावेल. तू आत्ता सुरुवात करणार आहेस, नोंदणीच होणार नाही अशा कागदावर 85 हजार का घालवायचे? नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बी.पी.एम.टी. हा पॅरामेडिकल पदवी अभ्यासक्रम तीन वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप असा आहे. सरकारी मेडिकल कॉलेजला नंबर लागला तर फी खासगीच्या मानाने फारच कमी. इतर विद्यापीठांची डायलिसिसची बी.एस्सी.ही आहे. कुठेही गेलीस तरी प्रवेशाआधी तीन गोष्टी बघ: पदवी कोणतं विद्यापीठ देतं, कॉलेजच्या स्वतःच्या हॉस्पिटलात चालू डायलिसिस मशीन किती आहेत, आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी स्वतःच्या हाताने किती सुया टोचल्यात. हे शेवटचं कॅन्टीनमध्ये बसून मुलांनाच विचार.

घरच्यांच्या नर्सिंगच्या सल्ल्याबद्दल. तो सल्ला चुकीचा नाही. परदेशी जायचं हे तुझ्या मनात पक्कं असेल तर नर्सिंगच कर, आडवळण घेऊ नकोस. आखातात रुग्णाजवळचं डायलिसिस बऱ्याच ठिकाणी नर्सच करतात. टेक्निशियन जातात, पण जागा कमी, आणि कागदपत्रांची पडताळणी, परवान्याची परीक्षा हे सगळं असतंच. सरकारी जागाही नर्सिंगला कितीतरी जास्त. डायलिसिस तेव्हा निवड, जेव्हा तुला मशीनशी खटपट करायला आवडतं आणि तेच तेच रुग्ण वर्षानुवर्षं भेटलेले चालतात. नर्सचा वॉर्डातला रुग्ण बरा होऊन घरी जातो. आमचा परवा पुन्हा येतो. त्याच्या मुलीचं लग्न कधी आहे, ऊस कारखान्याला गेला का, कालच्या पंक्तीत त्याने किती पाणी प्यायलं, हे सगळं आपल्याला माहीत असतं. आणि एक दिवस त्याची खुर्ची रिकामी राहते. पहिल्या वर्षी मी दोनदा राजीनामा लिहिला होता, त्याच कारणाने. दोन्ही वेळा आमच्या जुन्या सिस्टरने तो फाडला.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पूर आला तेव्हा चोहीकडे पाणी आणि युनिटला पाणी नाही अशी अवस्था होती. सेशन चारऐवजी तीन तासांचं केलं, म्हणजे 120 ऐवजी 90 लिटरमध्ये एक रुग्ण निघाला, आणि पुढच्या टँकरपर्यंत सगळ्यांचं भागलं. बोटीतून आणून बसवलेल्या एका आजोबांनी ओल्या पिशवीतून माझ्यासाठी शेंगदाण्याचा लाडू काढला होता. असे दिवस पगाराच्या स्लिपवर दिसत नाहीत, पण मी इतकी वर्षं इथे का आहे हे तू विचारलंस तर मला हेच सांगावं लागेल.

नोकरी स्वीकारताना मात्र भावनेत वाहू नकोस. नेमणूकपत्र लेखी घे, त्यात पगार आणि कामाचे तास असू देत. पीएफ कापतात का ते बघ. पगार 21 हजारांच्या आत असेल तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होतो का ते विचार. कंत्राटी कंपनी असेल तर तिथल्या मुलांना विचार, पगार किती तारखेला होतो. योजनेचे पैसे अडकले म्हणून तीन-तीन महिने पगार न झालेली मुलं मी पाहिली आहेत, मी स्वतःही एकदा त्यातून गेले आहे. मूळ सर्टिफिकेट ठेवून घेणाऱ्या ठिकाणी तर पाऊलही टाकू नकोस. आणि हिपॅटायटिस-बीची लस, तिन्ही डोस, मशीनला हात लावण्याआधी. नंतर अँटिबॉडीची तपासणी करून रिपोर्ट 10 च्या वर आहे ना ते बघून घे. लशीचे पैसे हॉस्पिटलने द्यायला हवेत, ते तू हक्काने माग. हिपॅटायटिस-सीला लस नाही, तिथे फक्त ग्लोव्ह्ज आणि आपली शिस्त. सुई कधीही घाईत परत टोपणात घालायची नाही.

फी भरण्याआधी एक काम कर. तुझ्या जवळच्या जिल्हा रुग्णालयात किंवा ओळखीच्या युनिटमध्ये इन्चार्जना भेट आणि एक पूर्ण शिफ्ट बाजूला उभं राहून बघायची परवानगी माग. आईला किंवा वडिलांना सोबत ने. सकाळी सहाला जा, कारण पाण्याची तपासणी तेव्हा होते. मशीन प्राइम होताना, म्हणजे नळ्या सलाईनने भरून तयार होताना बघ, सुया टोचताना बघ, चार तासांनी रक्त परत देऊन सुया काढतात आणि रुग्ण हात दाबून बसतो तेही बघ. रक्त बघून चक्कर आली तर घाबरू नकोस, पहिल्या दिवशी बऱ्याच जणींना येते. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावंसं वाटतं का, ते मला कळव. मग कॉलेजांची यादी घेऊन बसू.